विनायकचा डावा हात

सोमवारी दुपारी दोन वाजता मी नेहमीसारखी डायलिसिस सेंटरमध्ये शिरले, तेव्हा सात नंबरची खुर्ची रिकामी होती. चादर ताठ घातलेली, शेजारचं मशीन बंद. मला वाटलं, विनायकची टॅक्सी उशिरा आली असेल. या गावात टॅक्सी उशिरा येत नाही, पण वाटायला काय जातंय. मी डबा खिडकीत ठेवला, चाकांचं टेबल ओढलं, त्यावर उशी ठेवली, उशीवर तो हातात मावणारा व्हिडिओ गेम ठेवला आणि माझ्या स्टुलावर वाट बघत बसले. पाचेक मिनिटांनी श्वेस्टर मोनिका आली. तिथली सगळ्यात जुनी नर्स. एरवी लांबूनच हाक मारून अख्खा वॉर्ड जागा करणारी बाई, त्या दिवशी गुपचूप जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून सांगितलं. बाराला टॅक्सीवाल्यानं बेल वाजवली... दार उघडलं नाही... मग इमारतीच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसानं, त्याच्याकडच्या किल्लीनं उघडलं. रविवारी झोपेतच हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षं जर्मनचे वर्ग करून मला काही येत नाही म्हणून मी रडत होते, आणि त्या दिवशी तिचा शब्दन् शब्द कळला.

विनायक माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या ऑफिसमधला. मूळचा कऱ्हाडचा, वय एकतीस. जर्मनीत, इंगोलश्टाटमध्ये गाड्यांच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत हे दोघं होते, आणि विनायकचं काम काय, तर गाडीच्या दाराची बिजागरी तपासायची. म्हणजे एक यंत्र दार उघडणार, बंद करणार, उघडणार, बंद करणार, लाखभर वेळा, आणि हा शेजारी बसून चाचणीच्या नोंदी लिहिणार. "अरे, तुझी इंजिनिअरिंगची डिग्री दार उघडायला?" असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या गाडीचं दार दहा वर्षांनी कुरकुरलं नाही, तर मला आठवा." कुरकुरलं तरी आठवणारच आहे आता, करणार काय.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता, त्याला पत्ताच नव्हता. आई किडनी द्यायला तयार होती, पण तिला मधुमेह, डॉक्टर नाही म्हणाले. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे तिला इथं येऊन राहणंही जमेना. मग याचं नाव लागलं किडनी मिळण्याच्या यादीत, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी एक ते पाच, सात नंबरची खुर्ची. श्रीकांत एक दिवस सहज म्हणाला, "तू त्याला डबा नेऊन देशील का? तू घरीच असतेस ना." त्या वाक्यावरून आमचं जे भांडण झालं ते आठवड्याभराचं होतं. घरीच असतेस! रसायनशास्त्रात एमएस्सी करून, सहा वर्षं पुण्यात लॅबमध्ये नोकरी करून, नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून इथं आले, काम करायची परवानगी नाही, मुलगी ईशा सकाळी शाळेत आणि दुपारी चारपर्यंत शाळेच्याच पाळणाघरात. मग घरी नाही तर कुठे असणार? पण खरं सांगायचं तर मी गेले ती भूतदयेनं नाही. घरातल्या त्या शांततेला मी इतकी कंटाळले होते, की कुणी हॉस्पिटलात बोलावलं तरी जायची माझी तयारी होती. लोक आता मला म्हणतात, किती केलंत हो तुम्ही त्याचं... केलं कुणी कुणाचं, देव जाणे.

पहिल्याच दिवशी तो गेम दिसला. डॅन्यूबच्या काठी शनिवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथून कुणाच्या तरी पोराचा वापरून झालेला उचलून आणलेला. मला हसूच आलं. घोड्याएवढा माणूस आणि राक्षस पकडायचा खेळ खेळतोय! चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, त्यांची ताकद वाढवायची, आणि मग वाटेत ठिकठिकाणी एक एक जबरदस्त प्राणी ठाण मांडून बसलेला असतो, तो 'बॉस', त्याच्याशी आपल्या सहा प्राण्यांनी लढायचं. तो हरला की पुढचा रस्ता मोकळा. मी म्हटलं, "पुस्तकं वाच रे काहीतरी." तर त्यानं डाव्या हाताकडे बोट दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन जाड सुया, नळ्या, त्यातून त्याचं रक्त मशीनकडे जाऊन परत येणारं. तो हात चार तास हलवायचा नाही. "एका हातानं पान उलटत नाही वहिनी, पुस्तक मिटतं. मारामारीच्या गेमला दोन्ही हात लागतात. हा एकच असा आहे, की मी बटण दाबेपर्यंत समोरचा नुसता उभा राहतो. मशीन थांबत नाही, ऑफिस थांबत नाही, यादीतला माझा नंबर तर हलतसुद्धा नाही. हा माझ्यासाठी थांबतो."

पण अडचण अशी, की दिशांची बटणं डावीकडे आणि 'हो' म्हणायचं बटण उजवीकडे. तो एकाच हातानं आधी डावीकडे जायचा, मग उजवीकडे यायचा, आणि मधे यंत्र उशीवरून घरंगळायचं. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी स्टूल ओढलं, डाव्या बाजूला बसले आणि माझा अंगठा त्या बटणांवर ठेवला. "कुठं जायचंय सांग." तो म्हणाला, "वर. वर. आता डावीकडे." मी नेत गेले, तो 'हो' म्हणत गेला. त्या दिवसापासून दीड वर्ष मी विनायकचा डावा हात होते. श्वेस्टर मोनिका आम्हाला बघून म्हणायची, एका माणसाला दोन बायकांचं आयुष्य लागतं, एक मी आणि एक तुम्ही. आणि स्वतःच हसायची.

त्याच्या प्राण्यांची नावं ऐकाल तर... या आजारात पोटॅशियम चालत नाही, म्हणजे जे जे म्हणून चवीचं, ते सगळं बंद. मी बटाटासुद्धा दोनदा पाणी बदलून उकडायचे, मग त्यात बटाट्याचं असं काही शिल्लक राहायचं नाही. तर खेळात प्राण्यांना आपल्या पसंतीची नावं देता येतात, आणि या माणसानं त्याला मनाई असलेल्या पदार्थांची नावं ठेवली होती. फणस, चिंच, शहाळं, आंबा, केळं, खजूर. फणस म्हणजे पाठीवर काटे असलेला ढोला बेडूक. शहाळं म्हणजे निळा मासा, तो दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करायचा. "वहिनी, फणस पडला! शहाळ्याला पुढे घाला!" असं तो मराठीत ओरडला, की आठ नंबरच्या खुर्चीवरचे म्हातारे बव्हेरियन आजोबा दचकून जागे व्हायचे. हळूहळू त्यांनाही नावं पाठ झाली. मी आत आले की ते गंभीरपणे विचारायचे, "फानस?" मी सांगायचे, बरा आहे. ते म्हणायचे, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि पुन्हा डोळे मिटायचे.

आता त्या लढायांचं सांगायला हवं, कारण आमचं दीड वर्ष त्यांच्यातच गेलं. पहिला मोठा बॉस म्हणजे दगडी कासव. त्याला मारलं की मान आत घ्यायचं, आणि दर तिसऱ्या चालीला होतं तसं ताजंतवानं व्हायचं. मी चिडून म्हणायचे, जोरात मार ना मेल्याला. विनायक म्हणायचा, नाही, दोन चाली गप्प बसायचं, ताकद साठवायची, आणि ते बरं व्हायला मान बाहेर काढेल त्या क्षणी सगळं ओतायचं. त्याला तीन आठवडे लागले. मग ते जुळे पक्षी. एक पाडला की दुसरा शीळ घालून त्याला उठवायचा. दोघं एकाच चालीत पडले तरच खरं. ती लढाई अख्खा उन्हाळा चालली. बाहेर लोक नदीवर पोहत होते आणि आम्ही पडदे ओढून दोन पाखरांना मोजूनमापून सारखं जखमी करत होतो, एकाला जरा जास्त लागलं की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी खरंच वैतागले. यंत्र उशीवर आदळलं आणि म्हटलं, "मला घरी वीस शर्टांना इस्त्री करायचीय, विनायक. मला दमायला तुझी पाखरं लागत नाहीत." घसरलेलं यंत्र त्यानं उशीवर सरळ केलं. थोड्या वेळानं म्हणाला, "खरंय. तुम्ही जा वहिनी." मी गेले नाही. रागानं तिथंच बसून राहिले, आणि त्याच दिवशी दोन्ही पाखरं एकदम पडली. त्यानंतरचा एक बॉस आरशासारखा होता, आपला सगळ्यात दांडगा प्राणी उचलून आपल्यावरच सोडायचा. त्याच्यावर विनायकनं काय युक्ती केली असेल? फणस, आंबा सगळ्यांना घरी ठेवलं आणि सहा मरतुकडे, कालपरवा पकडलेले प्राणी घेऊन गेला. समोरच्याला उचलायला दांडगं काही मिळालंच नाही. दोन मरतुकड्यांची ती मारामारी बघून मी इतकी हसले की श्वेस्टर मोनिकानं येऊन त्याचं ब्लडप्रेशर तपासलं.

पण खरी गंमत, की वैताग म्हणा, वेगळाच होता. हा माणूस बॉसला एकदा हरवून थांबायचा नाही. जिंकलं की खेळ विचारतो, नोंद ठेवायची का? हो म्हटलं की झालं. हा म्हणायचा 'नाही', आणि यंत्र बंद. म्हणजे पुन्हा लढाईच्या आधीपासून. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं चुकून दाबलं. तो शांतपणे म्हणाला, "एकदा जिंकलं तर नशीब असू शकतं. आमच्या लॅबमध्ये ओळीनं तीन नमुने पास झाले तरच बिजागरी पास. मधे एक जरी गेला, तर पुन्हा शून्यापासून. आणि तिन्ही वेळा तपासणारा माणूस तोच पाहिजे." मी कपाळावर हात मारला. अरे, हा खेळ आहे! पण नाही. जुळ्या पाखरांना त्यानं ओळीनं तीनदा पाडलं तेव्हा कुठं 'हो'चं बटण दाबलं. ऑफिसातही तसाच. एकदा दोन नमुने पास झाले होते, तिसरा यंत्रावर होता, आणि वरच्या साहेबाला रिपोर्ट घाईनं हवा होता. श्रीकांत सांगतो, विनायकनं सही केली नाही. म्हणाला, तिसरा झाला की करतो. साहेब तोंड फुगवून गेला. श्रीकांतलाही त्याचं ते वागणं जरा अतीच वाटलं होतं, मलाही.

सेंटरमध्ये खेळायचं, घरी नाही, हाही त्याचाच नियम. यंत्र तो माझ्याकडे देऊन ठेवायचा. "घरी मोह होतो, आणि मग सोमवारी काही उरत नाही." सव्वातीन-साडेतीनला, मी निघायच्या आधी, तो मोबाइलवरून कऱ्हाडला आईशी बोलायचा. फोनकार्डाचे ते लांबलचक आकडे मीच दाबून द्यायचे. आई आधी विचारायची, बरा आहेस ना. तो म्हणायचा, "आई, कासव झालं. तीनदा झालं." की मग ती पुढचं विचारायची, आता कोण आहे रे. तब्येतीचं दोघं बोलायचे नाहीत. तिकडे एवढंच कळायचं, की पोरगं अजून लढतंय आणि जिंकतंय. काकू त्या बॉसना 'राक्षस' म्हणायच्या. मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखीचा. कधीकधी त्या मलाच फोन द्यायला लावायच्या. "तू याचा डावा हात ना गं? जेवतो का नीट?" मी म्हणायचे, जेवतो काकू. ते काही पूर्ण खरं नव्हतं.

या हिवाळ्यात आम्ही शेवटच्या बॉसपाशी पोहोचलो. उंच डोंगरावर एक दार, दाराआड बर्फात मांडी घालून, डोळे मिटून बसलेला एक पांढरा म्हातारा. तो मारतच नाही. नुसता बसतो. आणि त्याच्यासमोर उभं राहिलं, की थंडीनं आपल्या प्राण्याची ताकद चालीगणिक झिरपत जाते. हा माणसाला दमवून हरवतो. यावर उपाय एकच, कुणालाही पुढे फार वेळ उभं करायचं नाही, सारखं बदलत राहायचं. फणस मागे, चिंच पुढे, चिंच मागे, खजूर पुढे. आणि मधेच संधी साधून एक घाव. प्राणी बदलायचा म्हणजे यादीत वर-खाली जायचं, ते काम माझ्या अंगठ्याचं. एक घर चुकलं तर दीड तासाची मेहनत बर्फात. आम्ही जानेवारीभर हरलो. फेब्रुवारीत हरलो. विनायकही तेव्हा फार दमलेला असायचा. तिसऱ्या तासाला त्याचा चेहरा खडूसारखा व्हायचा, पायात गोळे यायचे, तोंडात बर्फाचा एक खडा धरून तो बसायचा, कारण पाणीसुद्धा मोजून. माझं मनही दमलं होतं. या सगळ्याचा शेवट काय, हा प्रश्न आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत होतो असं आता वाटतं.

आणि मग त्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, म्हातारा पडला. मी किंचाळलेच. आठ नंबरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. विनायकनं 'नाही' दाबलं, यंत्र बंद. शुक्रवारी तो पुन्हा पडला. ओळीनं दोनदा. पावणेचार झाले होते, मी उठून कोट घालत होते, चारला ईशाला घ्यायचं होतं, तिथं उशीर केला की बाई बोलतात. पडद्यावर तो प्रश्न थांबला होता. नोंद ठेवायची का... विनायक उशीवर डोकं टेकून म्हणाला, "वहिनी, करून टाकूया का सेव्ह? आज दमलो."

दीड वर्षात तो पहिल्यांदा असं म्हणाला. आणि मी हसले हो! म्हटलं, "का रे, कंपनीला दोन नमुन्यांवर बिजागरी देतोस का? तिसरी फेरी सोमवारी." तोही हसला. "गेनाऊ," म्हणाला, "सोमवारी." मी हात पुढे करून यंत्र बंद केलं आणि पर्समध्ये टाकलं. सेव्ह करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला खरंच उशीर होत होता, पण अर्ध्या मिनिटाचा नाही. शुक्रवार ते सोमवार हे मधले दिवस या आजारात जड असतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ते आधी माहीत असतं तरी मी काही वेगळं वागले असते, असं छातीठोक सांगता येत नाही.

श्रीकांत त्याला घेऊन कऱ्हाडला गेला. मी आणि ईशा इथंच. बाराव्या दिवशी तिकडून फोन आला, श्रीकांतनं काकूंना दिला. मी काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, आणि त्यांनीच विचारलं. आवाज अगदी कोरडा झालेला. "त्याचं एकच राहिलंय म्हणाला होता गं शुक्रवारी. तो बर्फातला म्हातारा. एवढा झाला, की संपलं म्हणाला... झाला का?"

"हो काकू," मी म्हटलं. "झाला. शुक्रवारीच झाला."

काकू "बरं" म्हणाल्या, आणि फोन श्रीकांतकडे गेला.

त्या माउलीला मी दुसरं काय सांगणार होते? पण फोन ठेवल्यापासून मला चैन पडेना. मुलगा सही करायला नाही म्हणाला होता, तिसरा नमुना व्हायचा होता म्हणून. आणि मी त्याच्या नावावर खोटा रिपोर्ट देऊन बसले होते, तोही त्याच्या आईला. पुढच्या सोमवारी दोन वाजता मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उशी ठेवली, उशीवर यंत्र ठेवलं आणि बसले. सवयीनं डाव्या अंगाला बसले, उजवी बाजू रिकामी सोडून. मग सरकून मधे आले. कुठं जायचं ते मला पाठ होतं. 'हो' कधी म्हणायचं, ते मात्र कधीच माझ्याकडे नव्हतं. चौथ्या-पाचव्या मिनिटाला केळं पडलं, मग खजूर, मग सगळेच. बुधवारी हरले. शुक्रवारी हरले. त्यापुढचा आठवडाही तसाच गेला. इस्त्रीचे कपडे खुर्चीवर साठत गेले, श्रीकांत परत आला आणि स्वतःचे शर्ट स्वतः करायला लागला.

एकदा ईशाला ताप होता म्हणून ती घरी होती. माझ्या पाठीमागे उभी राहून बघत होती. सात वर्षांची आहे, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. म्हणाली, "मामा, दू बिस्ट त्सू श्नेल." आई, तू फार घाई करतेस. मी म्हटलं, घाई काय, खेळ थांबतोच की. ती म्हणाली, तो थांबतो, पण तू त्याच्याकडे बघतच नाहीस. आणि तिनं बोट ठेवलं म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर. त्याच्या मिटलेल्या पापण्या मधूनच एकदा थरथरत होत्या. थंडीची मोठी लाट यायच्या अगदी आधी... तेवढ्यात प्राणी बदलला, तर तो वाचतो. विनायक अंगठा उचलून धरून बसायचा, मला वाटायचं, बिचारा दमलाय. दमलेला असायचाच. पण तो बघत असायचा. दीड वर्ष शेजारी बसून मी फक्त यादी बघत होते. त्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून रडले, ईशा घाबरून माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

मग मी सावकाश खेळायला शिकले. एका सोमवारी म्हातारा पडला. पडद्यावर प्रश्न आला. तपासणारा माणूस बदलला की मोजणी पहिल्यापासून, म्हणजे त्याच्या दोन माझ्या खात्यात धरता येणार नव्हत्या. 'नाही' दाबलं. बुधवारी हरले, पुन्हा शून्य. असं दोनदा झालं. मग एका बुधवारी जिंकले, शुक्रवारी जिंकले, आणि गेल्या सोमवारी, साडेतीनच्या सुमाराला, तिसऱ्यांदा तो पांढरा म्हातारा बर्फात आडवा झाला. नोंद ठेवायची का? 'हो'चं बटण उजवीकडे, त्याचं. माझा अंगठा त्यावर किती वेळ नुसताच होता. दाबलं. पडद्यावर त्याचं नाव आलं, आणि खेळलेले तास, दोनशे अठरा होते त्याचे दोनशे एकोणीस झाले. माझे हरलेले इतके दिवस त्यात नाहीत. त्याच्या त्या दोन जिंकलेल्या लढायाही नाहीत. मेलं यंत्र, त्याला काय कळतंय.

श्रीकांतनं आणलेलं फोनकार्ड होतंच. मी आकडे दाबले. काकूंनीच उचलला.

"काकू, तो बर्फातला म्हातारा झाला."

"अगं, सांगितलं होतंस की मागे."

"तेव्हा खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "आता झाला. मी केला. तीनदा झाला."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, "ठाऊक होतं मला. तो कधी नुसतं 'झाला' म्हणायचा नाही. 'तीनदा झाला' म्हणायचा. तू नुसतं 'झाला' म्हणालीस, तेव्हाच कळलं, की राहिलंय माझ्या पोराचं."

त्या शुक्रवारी त्यानं काय मागितलं होतं आणि मी हसले होते, ते तेव्हाही मी त्यांना सांगितलं नाही. ते इथंच पहिल्यांदा लिहितेय. त्या वाचतील, मग काय म्हणायचं ते म्हणतील. त्या दिवशी फोनचं कार्ड संपत चाललं होतं. आणि मग त्यांनी नाक ओढून विचारलं, "फणस कसाय गं?"

"थांबा हं काकू," मी म्हटलं, "बघून सांगते." यंत्र उशीवरच होतं. मी स्टूल डावीकडे ओढलं, ते चालू केलं आणि एकेकाचं वाचून दाखवायला लागले. शहाळं चांगलं आहे. चिंच अर्धी. आंबा पडलाय, पण उठेल. खजूर, केळं, दोघंही पडलेत, उठतील.

"आणि फणस?"

"फणसाची जराशीच ताकद उरलीये, काकू. पण शेवटी तोच उभा होता."